निळा 'लव्हबर्ड' आला कुठून?

पक्ष्यांच्या दुकानात आपण ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतो ना, तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, म्हणजे बजी. 1840 मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने परतताना जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे युरोपात त्यांचं वेडच लागलं. पक्षी पिंजऱ्यातच अंडी घालू लागले, पिल्लं वाढवू लागले.

रानातला बजी हिरवा. कोरड्या मुलखात पाण्याच्या मागे थव्याथव्याने फिरणारा. निळा बजी आला तो 1880 च्या सुमारास, युरोपातल्या पिंजऱ्यांत. गंमत म्हणजे निळा रंग कुणी घातलेला नाही. पिसांतलं पिवळं रंगद्रव्य तयार व्हायचं थांबलं, की हिरव्यातून निळा तेवढा उरतो. अशी पिल्लं माणसाने निवडून वाढवली, कारण त्यांना भाव जास्त.

मला मात्र रंगापेक्षा तो आरसा खटकतो. थव्यातल्या पक्ष्याला आपण एकटं ठेवतो आणि सोबतीला आरसा टांगतो. तो पोटातला दाणा वर काढून आरशातल्या पक्ष्याला भरवायला जातो. आपल्याला वाटतं, खेळतोय.