मोमिनाबादचा रिसाला आणि मेळघाटातली कुटी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आता आपल्या लहान गावांतूनही एक बेत हमखास ठरतो. दोन दिवस जंगलात राहून यायचे. कुणी ताडोब्याला जातो, कुणी नागझिऱ्याला, कुणी मेळघाटात. मुलांना वाघ बघायचा असतो, मोठ्यांना शांतता हवी असते आणि घरातल्या बायकांना दोन दिवस स्वयंपाकघरातून सुटका हवी असते. मोबाइलवर जागा राखून ठेवता येते आणि सागाच्या झाडीतली एक कुटी दोन रात्रींपुरती आपली होते.

ही कुटी आपल्यापर्यंत कशी आली, हे मात्र आपण कधी विचारत नाही. मी कवितेचा माणूस. इतिहासाशी माझा संबंध बी.ए.च्या वर्गात आला तेवढाच. पण मेळघाटातल्या मुक्कामाचा माग काढत मागे मागे गेलो, तर तो माग चारशे किलोमीटरवरच्या माझ्या गावात, अंबाजोगाईत येऊन पोचला.

अंबाजोगाई म्हटले की लोकांना योगेश्वरीचे देऊळ आठवते, मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी आठवते. निजामी अमदानीत याच गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथे घोडदळाची छावणी होती. ती हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची. ही फौज मोठी गमतीची होती. नाव निजामाचे, अंमलदार इंग्रज, हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटचा आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. घोडदळात सिलेदारी पद्धत होती. म्हणजे घोडा स्वाराने आणायचा आणि सरकारने त्याला दरमहा तनखा द्यायचा. घोडे आले की साईस आले, गवत कापणारे आले, खोगीर शिवणारे आले, नालबंद आले. आमचे पणजोबा या रिसाल्यात नालबंद होते, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. घोड्याचा खूर तासताना वापरायची एक जुनी राप्पी आमच्या माळ्यावर अजून आहे.

आता या पगाराची गोष्ट. फौजेचा खर्च निजामाला झेपत नव्हता. पगार तटत. ते भागवायला हैदराबादच्या पामर कंपनीसारख्या पेढ्यांकडून कर्ज काढले जाई. नंतर कंपनी सरकारच स्वतःच्या तिजोरीतून पगार भागवू लागले आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडू लागले. थकबाकी वाढत गेली. शेवटी लॉर्ड डलहौसीने १८५३ साली तह करवून घेतला. फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूरचा दुआब इंग्रजांकडे सोपवला. पुढे १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर ते कायमचे भाडेपट्ट्याने घेतले. त्यानंतर १९०३ साली कंटिन्जंट वेगळी फौज म्हणून उरली नाही, हिंदी लष्करात मिळून गेली.

वऱ्हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळी जमीन आणि कापूस येतो. पण वऱ्हाडाच्या उत्तर टोकाला गाविलगडचे डोंगर आहेत आणि त्या डोंगरांत मेळघाटाचे सागाचे जंगल आहे. वऱ्हाडाबरोबर तेही इंग्रजांच्या हातात गेले. मोमिनाबादच्या घोड्यांचे नाल, हिंगोलीच्या पलटणीचा दाणागोटा, अचलपूरच्या छावणीचा शिधा, हे सगळे ज्या मुलखाच्या वसुलीवर चालले त्यात मेळघाट होता. आमच्या पणजोबांच्या पगारातला एखादा पैसा त्या जंगलातून आला असेल, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

तिथे राहणाऱ्या कोरकूंना या तहाबद्दल कुणी काही विचारले नव्हते. कोरकूंची भाषा मराठीची बहीण नाही, हिंदीचीही नाही. ती पूर्वेकडच्या मुंडारी आणि संथाळीच्या कुळातली. त्या कुळातली सगळ्यांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा हीच. जंगलात कोदो-कुटकी पेरावी, मोहाची फुले वेचावीत, नदीत मासे धरावेत, असा त्यांचा संसार. हिंदुस्थानात १८६४ साली वनखाते स्थापन झाले. रेल्वेच्या रुळांखाली घालायला सागाचे स्लीपर लागत होते. जंगलावर ‘राखीव’ असा शिक्का बसला. ज्यांची वहिवाट होती ते त्याच जंगलात मजूर झाले. तोड करायला आणि रस्ते काढायला हाताशी माणसे हवीत म्हणून वनग्रामे वसवली गेली.

आणि त्याच काळात जंगलात घरे उभी राहिली. चिखलदऱ्याचे उदाहरण घ्या. हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली त्या पठारावर पोचला, असे सांगतात. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरची ती जागा साहेबाला मानवली. पुढे तिथे बंगले झाले, कॉफीची लागवड झाली, वऱ्हाडातले साहेबलोक उन्हाळ्यात कुटुंबासह वर जाऊ लागले. खाली जंगलात ठिकठिकाणी विश्रामगृहे बांधली गेली. हिवाळ्यात वन अधिकारी दौऱ्यावर निघे. एका दिवसाच्या मजलेवर एक बंगला असावा, असा हिशेब. दौऱ्यात कधी मडमसाहेब असे, मुले असत, खानसामा असे, सामान वाहणारी माणसे असत. व्हरांड्यात आरामखुर्ची, आत मच्छरदाणीची खाट, भिंतीवर शिंगे. कुटुंबाने जंगलात सुखाने मुक्काम करण्याची आपल्याकडची सरकारी पद्धत ही अशी सुरू झाली. ती साहेबाच्या कुटुंबासाठी होती.

मग आपली साधी माणसे घराबाहेर, झाडाखाली कधी राहतच नव्हती काय? राहत होती. फक्त त्याला कुणी पर्यटन म्हणत नव्हते. लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या अंबाजोगाईच्या शिवेला वेळा अमावास्या होते. आम्ही तिला येळवस म्हणतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. माझ्या लहानपणी आमच्या घराला निदान तीन कोपींची बोलावणी असत. आमच्याकडे उरूस आला की कंदुरी व्हायची. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली बैलगाड्या सोडायच्या, तीन दगडांच्या चुली मांडायच्या आणि रात्र तिथेच काढायची. नवस बोललेली हिंदू कुटुंबेही शेजारच्या झाडाखाली असत. कोपीला कुलूप नसते. नोंदवही नसते. दुसऱ्या दिवशी तिचा कडबा जनावरांपुढे जातो.

देश स्वतंत्र झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्या रिसाल्याच्या पगारापायी १८५३ साली तुटलेले मोमिनाबाद आणि मेळघाट शंभरावर वर्षांनी पुन्हा एका राज्यात आले. ताडोबा १९५५ सालीच राष्ट्रीय उद्यान झाले होते. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. पर्यटन महामंडळ १९७५ साली निघाले. हळूहळू साहेबाच्या बंगल्याशेजारी सामान्य प्रवाशांसाठी कुटी बांधल्या गेल्या. सेमाडोहला संकुल झाले, कोलकासला खोल्या झाल्या.

अमेरिकेत हे थोडे वेगळ्या रीतीने घडले. तिथे १९२९ साली मोठी मंदी आली. बेकार तरुणांना काम द्यावे म्हणून रूझवेल्ट सरकारने १९३३ साली एक दल उभारले. त्या तरुणांनी अनेक राज्यांच्या उद्यानांत लाकडी-दगडी घरकुले बांधली. सामान्य कुटुंबाने थोडे भाडे देऊन आठवडाभर राहावे, तळ्यात होडी वल्हवावी, मुलांना मासे धरायला शिकवावे, अशी त्यामागची कल्पना. चांगली गोष्ट. पण तिथेही त्याआधी ती जमीन कुणाची तरी होती. यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकारीला आणि राहायला येणाऱ्या मूळ लोकांना दूर सारले गेले. जंगल राखायचे आणि जंगलातला माणूस बाहेर काढायचा, ही रीत तिथून जगभर गेली.

आम्ही २००४ च्या दिवाळीनंतर सेमाडोहला गेलो होतो. अम्मी, बायको, दोन मुले. परळी, परभणी, हिंगोली, वाशीम, अकोला, परतवाडा असा एसटीचा दीड दिवसाचा प्रवास. कुटी साधी होती, पण अम्मीने आत पाऊल टाकताच आधी भिंतीवरून हात फिरवला. सत्तरीची बाई, आयुष्यात नातेवाइकांच्या घराखेरीज परगावी कधी मुक्काम केलेला नव्हता. सरकारी वास्तूत आपल्या नावाची पावती फाडून झोपायला मिळते, याचे तिला अप्रूप वाटले. सकाळी मुले जीपमधून जंगल बघून आली. वाघ दिसला नाही, अस्वलाचे ओरखडे दिसले. दुपारी कोलकासला गेलो. सिपना नदी तिथे मोठे वळण घेते आणि वळणावरच्या उंच काठावर जुने विश्रामगृह आहे. तिथला म्हातारा कोरकू चौकीदार सांगत होता, त्यांच्या भाषेत सिपना म्हणजे साग.

अम्मीने त्याला चहा दिला आणि गप्पा सुरू केल्या. तिची दख्खनी आणि त्याची कोरकू वळणाची हिंदी, पण दोघांचे छान जमले. किती वर्षे इथे? तीस. आधी कोण होते? बाप होता. त्याच्या आधी? आजोबाने याच रस्त्याची माती वाहिली होती. मग अम्मीने विचारले, “और बाबा, इस घर में कभी सोए क्या तुम?” म्हातारा हसला. म्हणाला, चावी माझ्याकडे असते. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. परतीच्या वाटेवर अम्मी बराच वेळ गप्प होती. मी तिला तेव्हा पणजोबांच्या पगाराची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, “तो फिर अपना भी कुछ देना निकलता इनका.”

हे देणे कसे फेडायचे, याचे सोपे उत्तर नाही. याच मेळघाटाचे नाव १९९३ साली बालमृत्यूंमुळे देशभर झाले होते. २००० नंतरच्या काही वर्षांत वाघासाठी मोकळी जागा हवी म्हणून बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठवून बाहेर वसवली गेली. पुढे आणखी गावे निघाली. वाघ जगला पाहिजे, यात मला शंका नाही. मेळघाटात उगम पावणाऱ्या नद्या वऱ्हाडाला पाणी देतात, ते जंगल गेले तर खालची शेती जाईल. पण त्याची किंमत दर पिढीला एकाच घराकडून वसूल व्हावी, हे पटत नाही. १८५३ साली पलटणींसाठी, नंतर रेल्वेसाठी, मग वाघासाठी आणि आता आपल्या सुट्टीसाठी.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेल्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या सुरुवातीलाच कबूल केलेले आहे. त्याचा उपयोग कसा होतो, हे बघायचे तर अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला जावे. बहुतांश कोरकू वस्तीचे गाव. शेजारच्या उजाड टेकडीवर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी चराई आवरली, पाणी अडवले, झाडे राखली. तिथली सीताफळे आता ग्रामसभा स्वतः विकते. जंगल राखणारा माणूस आणि जंगलाचा धनी एकच असला तर जंगल वाढते, हे त्या टेकडीवर डोळ्यांनी दिसते.

मंडळी, या सुट्टीत तुम्ही मुलाबाळांना घेऊन जंगलात जाणार असाल तर जरूर जा. साहेबाचा व्हरांडा आपल्याला खुला झाला, ही स्वातंत्र्याची लहानशी का होईना कमाई आहे. आमच्या अम्मीच्या चेहऱ्यावर मी ती पाहिली आहे. फक्त तिथे गेल्यावर वाघ कुठे दिसतो, एवढेच विचारून थांबू नका. जवळचे गाव कोणते, तिथला वाटाड्या मिळेल का, जेवण गावातल्या बचत गटाकडे सांगता येईल का, मध आणि मोहाची फुले कुणाकडून घ्यावीत, हेही विचारा. मुलांना त्या नदीचे नाव आणि त्याचा अर्थ तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकू द्या. येळवसेच्या कोपीत आपण ज्याच्या शेतात जेवतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. सरकारी कुटीत झोपतानाही तेवढी ओळख असायला हवी.