उन्माद, औषध आणि पंगत



आपल्या संप्रदायात ‘वेड’ हा शब्द मानाचा आहे. अमक्याला पंढरीचे वेड आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो. विठ्ठलाचे पिसे लागलेला माणूस आपल्याला धन्य वाटतो. पण हाच शब्द एखाद्या घरात निराळ्या पावलांनी शिरतो. विशी-बाविशीतला मुलगा रात्ररात्र झोपत नाही. समोर कोणी नसताना कोणाशी तरी बोलतो. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, जेवणात विष घातले आहे म्हणून ताट ढकलतो, अंघोळ सोडतो. घरची माणसे घाबरून जातात. कोणी म्हणते बाहेरचे लागले, कोणी म्हणते कुळाचार चुकला. एखादा भाविक म्हणतो, ‘अहो, हे भगवंताचे वेड आहे, याच्या पाया पडा.’ तिन्ही उत्तरे वेगळी दिसतात खरी, पण तिन्हींचा परिणाम एकच होतो. पोर डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही आणि महिने निघून जातात.

म्हणून आज इतिहासातल्या काही गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली आपल्याच देशातल्या ग्रंथाची आहे. पुढच्या दोन अशा गावांच्या आहेत, जिथे मन बिघडलेल्या माणसांना देवाच्या दारी आणले जाई. भक्ती आणि औषध यांचे भांडण आहे की नाही, हे त्यावरून आपणच ठरवावे.

आधी चरकसंहिता पाहू. तिच्या निदानस्थानातला सातवा आणि चिकित्सास्थानातला नववा अध्याय उन्मादासाठी आहे. उन्माद म्हणजे काय, हे सांगताना आठ गोष्टींचा भ्रंश सांगितला आहे: मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार. यातील पाचव्या शब्दापाशी क्षणभर थांबा. इथे भक्ती म्हणजे देवभक्ती नव्हे. ज्याची आवड आहे, ज्याकडे जीव ओढ घेतो, ती ओढ. रोगाने ती ओढच नाहीशी होते. कालपर्यंत टाळ हातात घेऊन उभा राहणारा पोरगा आज कोपऱ्यात बसून राहतो, हाक मारली तरी उठत नाही. त्याला ‘तुझी निष्ठा कमी पडली’ असे सुनावणे म्हणजे पाय मोडलेल्याला ‘तुझी चालण्याची इच्छाच नाही’ म्हणण्यासारखे आहे. त्याची श्रद्धा गेलेली नाही, ज्या मनाने श्रद्धा धरायची ते मनच आजारी आहे.

चरकाने उन्मादाचे पाच प्रकार मानले. वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा आणि पाचवा आगंतु, म्हणजे बाहेरून आलेला. हा पाचवा भूतबाधेशी जोडला जातो, हे खरे. परंतु त्याच निदानाच्या अध्यायात असेही स्पष्ट सांगितले आहे की देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस आपण होऊन कोणाला पीडा देत नाहीत, आणि आपल्या दुःखाचा दोष माणसाने देवांवर टाकू नये. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथाने जे देवाच्या माथी मारले नाही, ते आपण आज मारावे काय?

जुने ते सगळे सोने, असेही मी म्हणणार नाही. त्याच चिकित्सेत सुहृदांनी धर्माच्या व हिताच्या गोष्टी सांगून रोग्याला धीर द्यावा असे आहे, आणि त्याला बांधावे, भय दाखवावे, असेही आहे. धीर देण्याचा भाग घ्यावा, भय दाखवण्याचा सोडावा. आधीच आतल्या आवाजांनी भ्यालेल्या माणसाला आणखी भिववून काय साधणार?

आता दुसरी गोष्ट. बेल्जियम देशात अँटवर्प प्रांतात गील नावाचे गाव आहे. संत डिम्फना ही तिथली देवता म्हणा. आख्यायिका अशी की ती आयर्लंडच्या एका राजाची मुलगी. राणी वारली, त्या दुःखात राजाचे भान सुटले, आणि मुलगी आईसारखी दिसते म्हणून तो तिच्याशीच लग्न करायचे म्हणू लागला. ती एका वृद्ध धर्मगुरूबरोबर समुद्र ओलांडून गीलला पळून आली. राजाने तिथे तिला गाठले आणि स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला. वेडाने जिचा जीव घेतला, ती पुढे वेडाने पीडलेल्यांची कैवारी मानली गेली. ही कथा तेराव्या शतकात लिहून ठेवली गेली, आणि १३४९ पासून तिच्या नावाचे मोठे चर्च तिथे उभे राहू लागले.

मग दूरदूरच्या गावांहून लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन येऊ लागले. चर्चला लागून आजाऱ्यांसाठी खोली होती. तिथे नऊ दिवसांचे अनुष्ठान चाले. नऊ दिवसांत कोणाला बरे वाटे, कोणाला वाटत नसे. गर्दी वाढली आणि खोली अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी या माणसांना आपल्या घरी उतरवून घेतले. वारीच्या दिवसांत पंढरपुरात घरोघर वारकऱ्यांचा उतारा असतो, हे आपण पाहतोच. फरक एवढाच की गीलचे काही पाहुणे परत गेलेच नाहीत. ते त्या घरात राहिले, त्या शेतात राबले, त्या घरची मुले त्यांच्या देखत मोठी झाली. यजमान वारले की त्यांचा मुलगा किंवा सून त्या माणसाला पुढे सांभाळी.

ही रीत शतकानुशतके चालली. त्या काळी इतरत्र काय चालले होते तेही पाहा. लंडनच्या बेथलेम इस्पितळात वेडे पाहायला लोक करमणूक म्हणून जात. ती मुभा १७७० साली बंद झाली. गीलमध्ये मात्र अशी माणसे रस्त्यावरून मोकळी फिरत आणि त्यांच्याकडे वळून पाहण्याचे कोणाला कारण नसे. १८२१ साली फ्रान्सचा नामांकित मनोवैद्य एस्किरोल हे गाव पाहायला आला. सगळेच चांगले होते असे नाही. जे अंगावर धावून येत त्यांच्या पायांत बेड्या घातलेल्याही त्या काळी दिसत. गावाची माया खरी होती, पण नुसती माया पुरेशी नव्हती.

गीलने पुढे जे केले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १८५० साली बेल्जियममध्ये मनोरुग्णांविषयी कायदा झाला आणि गीलची व्यवस्था सरकारी देखरेखीखाली आली. गावात डॉक्टर नेमले गेले, पुढे छोटे रुग्णालय झाले. नवा आलेला माणूस आधी तिथे राही, त्याची प्रकृती पाहिली जाई, आणि मग त्याला योग्य घर दिले जाई. आमच्या संताच्या गावात डॉक्टर कशाला, असे म्हणून गावाने पाठ फिरवली नाही. संताचे चर्च राहिले, डॉक्टर आला, आणि घरेही राहिली. १९३८ च्या सुमारास तिथे ३,७०० हून अधिक माणसे अशी घराघरांत राहत होती. आज ती संख्या पुष्कळच घटली आहे, तरी परंपरा चालू आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने तिची नोंद घेतली.

तिथल्या यजमानांना पाहुण्याच्या रोगाचे नाव सांगत नसत. हा माणूस आपल्याकडे राहणार, त्याला काय आवडते, कशाने त्रास होतो, एवढे कळले की पुरे. एका घराची गोष्ट सांगतात. तिथल्या पाहुण्याला भिंतीतून सिंह येताना दिसत. घरच्या बाई त्याच्याशी वाद घालत नसत आणि हसतही नसत. त्या सिंहांना हाकलल्यासारखे करत आणि त्याचे मन निवे. डॉक्टरांच्या औषधाच्या जागी हे चालणार नाही, पण औषध घेणाऱ्या माणसाशी घराने कसे वागावे याचा हा चांगला धडा आहे.

आता तिसरी गोष्ट आपल्या देशातली, आणि ती सांगताना जीव दुखतो. तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी हे गाव आहे. तिथल्या दर्ग्यात मनाचे आजार बरे होतात, या श्रद्धेने सर्व धर्मांचे लोक येतात. गर्दी झाली तशी तिथेही राहण्याची ठिकाणे उघडली, पण ती घरे नव्हती. खाजगी निवारे होते, आणि त्यांत रोग्यांना साखळीने जखडून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका निवाऱ्याला आग लागली. साखळ्यांमुळे पळता आले नाही. २८ माणसे गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली.

परधर्माकडे बोट दाखवावे म्हणून हे सांगितले नाही. साखळी आणि दोरखंड आपल्याही गावांत, आपल्याही देवस्थानांच्या आसपास वापरले गेले आहेत. गील आणि एरवाडी, दोन्ही श्रद्धेची गावे. दोन्हीकडे आईबाप त्याच आशेने आले. एका गावात माणसाला घरातले पान मिळाले आणि पुढे डॉक्टर मिळाला. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही मिळाले नाहीत, साखळी मिळाली. श्रद्धा दोन्हीकडे होती, हे विसरू नये.

औषधाचाही इतिहास थोडक्यात ऐका. आपल्याकडे सर्पगंधेचे मूळ फार पूर्वीपासून या विकारावर देत असत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बसू यांनी त्यावर लेख लिहून ते आधुनिक वैद्यकापुढे मांडले. १९५२ साली त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन नावाचे औषध अशा रोग्यांना देऊन पाहिले गेले आणि उपचाराचे नवे युग सुरू झाले. रेसर्पिन मागे पडले, कारण त्याने रक्तदाब उतरतो आणि काहींचे मन खिन्न होते. म्हणून सर्पगंधेचे मूळ स्वतःच्या मनाने कोणी उगाळू नये. पण हा आजार औषधाने आटोक्यात येतो, हे आपल्या वैद्यांनीही ओळखले होते, एवढे ध्यानात ठेवा.

डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात, त्यात नसलेले ऐकू येते वा दिसते, कोणी समजावले तरी न हलणारा संशय बसतो, बोलण्याचा धागा तुटतो. हे एकाच रोगाचे नाव नाही. स्किझोफ्रेनियात हे होते, आणि तो दर तीनशे माणसांत साधारण एकाला असतो. बायपोलर विकारात, तीव्र नैराश्यात, बाळंतपणानंतरच्या दिवसांत, काही वेळा मेंदूच्या आजारात किंवा तापातही होते. गांजाने हा धोका वाढतो, मग तो प्रसाद म्हणून ओढला तरी. आनुवंशिकता, मेंदूतील बदल, मोठा ताण, यांचा त्यात वाटा असतो. आईच्या वाढवण्यात चूक झाली म्हणून हे होत नाही, आणि मागल्या जन्मीचा हिशेब काढूनही ते जात नाही. पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लवकर सुरू होतात, तितके बरे होणे सोपे जाते.

मग भक्ताचे वेड आणि रोगाचे वेड ओळखायचे कसे, असे आपण विचाराल. पन्नास वर्षे कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरलो, त्यातून मला एवढे कळले. भक्तीने माणूस माणसांत येतो, रोगाने तो माणसांतून तुटतो. भक्तीने भय ओसरते, रोगाने वाढते. भक्त रात्री जागतो आणि सकाळी कामाला लागतो, रोग्याची झोप आणि काम दोन्ही मोडतात. आणि जो आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणतो, तो देवाचा नव्हे. तेव्हा एक रात्रही थांबू नका, इस्पितळ गाठा. तरीही शंका राहिली तर निवाडा आपण करू नये, डॉक्टरांना करू द्यावा. भक्ती खरी असेल तर तपासणीने ती कमी होत नाही.

आता वारीपुरते सांगतो. औषध चालू असलेल्या माणसाला दिंडीत अवश्य घ्या, पण आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. त्याच्या गोळ्या एका जबाबदार माणसाच्या पिशवीत ठेवा. पालखीबरोबर निघाल्यावर ‘आता माउली सांभाळतील’ म्हणून गोळ्या बंद करणे आणि जागरणावर जागरण करणे, यातून आजार उलटतो. एकादशीलाही गोळी चुकवू नये. लिथियम घेणाऱ्याने ऊन, घाम आणि उपवास यांत विशेष जपावे, पाणी पीत राहावे. त्याला झेपेल ते काम द्या. पत्रावळ्या मांडू दे, पाणी वाढू दे. पंगतीत त्याचे पान इतरांच्या ओळीतच मांडा, वेगळे नको.

सरकारनेही काही दारे उघडली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची तपासणी होते. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. दिंडीप्रमुखांनी तो आपल्या वहीत लिहून ठेवावा.

नामस्मरण सोडा असे मी कोणाला सांगणार नाही. आईने लेकराच्या उशाशी बसून नाम घ्यावे, आणि वेळ झाली की त्याच हाताने गोळी द्यावी. गीलच्या लोकांनी संताला सोडून डॉक्टर धरला नाही, आणि संतासाठी डॉक्टरही सोडला नाही. आपल्या पांडुरंगाचे दार तर त्याहून अरुंद नाही. आपल्या गावात, आपल्या भावकीत असे एखादे दार बंद असेल, तर ते ठोठवा. आत एक माणूस आहे आणि तो आजारी आहे.

राम कृष्ण हरि.