कापांपलीकडचा मेंदू

विल्हेल्म रोंटगेनने डिसेंबर १८९५ मध्ये पत्नीच्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट उमटली. मेंदूने मात्र या किरणांना दाद दिली नाही. कवटीचे हाड किरण अडवते. आतल्या मऊ ऊती त्यांना जवळपास सारख्याच प्रमाणात आरपार जाऊ देतात. मग चित्रात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही.

त्यामुळे मेंदूच्या विकारांचा इतिहास बराच काळ सुरीनेच लिहिला. ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री १९०१ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. १९०६ मध्ये ती वारल्यावर अलॉइस अल्झायमरने तिच्या मेंदूचे पातळ काप करून, चांदीच्या क्षारांनी रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींतले गुंते आणि पेशींबाहेरची पुटे त्याला दिसली. रोगाची ओळख पटली, पण ती कापांतून. मेंदू तर तिन्ही मितींत विणलेला असतो.

१९७१ मध्ये गॉडफ्री हाउन्सफिल्डच्या सीटी स्कॅनने लंडनमध्ये जिवंत रुग्णाच्या मेंदूतला विकार दाखवला. तरी ती नजर मिलिमीटरांची होती. चेतापेशीचे शरीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असू शकते.

मला या कथेतला खरा वळणबिंदू १९९५ चा वाटतो. ग्रेनोबलच्या युरोपियन सिंक्रोट्रॉनमध्ये, ८४४ मीटर परिघाच्या कड्याजवळ, एक जुनी अडचण वेगळ्या वाटेने सुटली. मऊ ऊती क्ष-किरण फारसे शोषत नाहीत, पण त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे सरकवतात. किरण पुरेसे शिस्तबद्ध असतील आणि शोधक यंत्र थोडे दूर ठेवले, तर ही सरक उजेड-सावलीच्या रेषांत उतरते. नमुना फिरवत अशी शेकडो चित्रे घेतली की संगणक त्यांतून घनाकृती उभी करतो. ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच तत्त्वाने २०१८ मध्ये मानवी अनुमस्तिष्काच्या पेशी काप न करता दाखवल्या. २०२१ मध्ये त्यांनी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस तपासला, तेव्हा अल्झायमरग्रस्तांच्या पेशीकेंद्रकांच्या रचनेत फरक आढळला.

या पद्धतीला मर्यादा आहे. किरणांची मात्रा इतकी मोठी असते, की जिवंत माणसावर हा प्रयोग करता येत नाही. अभ्यास होतो तो मृत्यूनंतर मेणात बसवलेल्या छोट्या तुकड्यांचा. पण तुकडा नंतरही शाबूत राहतो. तो पुढे कापता, रंगवता येतो.

ऑगस्टेच्या मेंदूचे काप १९९० च्या दशकात म्युनिकमध्ये पुन्हा सापडले आणि अल्झायमरची निरीक्षणे खरी ठरली. मात्र कापताना तुटलेले धागे आता जुळणार नाहीत. म्हणूनच रुग्णालयांच्या कपाटांत पडलेले मेणाचे जुने ठोकळे मला मोलाचे वाटतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे. आपल्याकडच्या विकृतिशास्त्र विभागांतही असे ठोकळे असतात. जागा अडते म्हणून ते टाकून देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे: ते अजून पुरते वाचून झालेले नाहीत.