गणिताच्या गोळ्या

मोठ्या माणसाला काही दुखले-खुपले म्हणजे तो आपण होऊन डॉक्टरांकडे जातो. लहान मुलाला निदान रडून तरी दुखणे सांगता येते. परंतु 'माझे चित्त ठिकाणावर राहत नाही हो' असे गाऱ्हाणे घेऊन चार वर्षांचे मूल आजवर कोणत्याही दवाखान्याची पायरी चढलेले नाही. ते गाऱ्हाणे आई करते, बाई करतात, शेजारी करतात. दुखणे एकाचे आणि तक्रार दुसऱ्याची, असा हा विलक्षण प्रकार आहे. मुलांच्या वर्तनासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांचा इतिहास सांगताना ही एक गोष्ट आम्ही सतत डोळ्यांपुढे ठेवणार आहोत.

हा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेत घडला, आणि त्याचा आरंभ एका मुलीच्या दुखण्यातून झाला. ऱ्होड आयलंड राज्यातील जॉर्ज ब्रॅडली या धनिक गृहस्थांना एमा नावाची एकुलती एक मुलगी होती. सातव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला आणि ती जन्माची अधू झाली. पैसा होता, पण अशा मुलीला नेण्याजोगे ठिकाण कोठेच नव्हते. १९०६ साली ब्रॅडली वारले, तेव्हा अशा मुलांसाठी एक घर उभारावे अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती. त्याप्रमाणे १९३१ साली ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे 'ब्रॅडली होम' सुरू झाले.

अशा मुलांकडे पाहण्याची दृष्टी त्या सुमारास बदलू लागली होती. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी काही हूड मुलांविषयी व्याख्याने दिली. या मुलांची बुद्धी शाबूत होती, मात्र स्वतःला आवरण्याची शक्ती तोकडी होती. पुढे १९१७ नंतर युरोप-अमेरिकेत मेंदूज्वराची मोठी साथ आली. तीतून वाचलेली कित्येक मुले, पूर्वी शांत असूनही, अनावर झाली. मेंदूला इजा झाली की वर्तन बिघडते, असे यावरून दिसले. यावरून पुढे काहींनी उलटही धरले : वर्तन बिघडले आहे, त्या अर्थी मेंदूला कोठेतरी इजा असलीच पाहिजे! ही उडी तर्काला सोडून होती, परंतु तिच्यावर पुढे मोठी इमारत उभी राहिली.

आता ब्रॅडली होमकडे वळू. तेथे जॉर्ज ब्रॅडलींच्याच घराण्यातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम पाहत होते. मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातील द्रव काढून त्या जागी हवा भरीत. त्यानंतर मुलांचे डोके भयंकर ठणके. हा द्रव लवकर भरून यावा म्हणून डॉक्टरांनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला त्याचा फारसा गुण आला नाही. परंतु काही मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारल्याचे आढळून आले. मग डॉक्टरांनी ५ ते १४ वर्षांच्या ३० मुलांवर रीतसर प्रयोग केला. एक आठवडा नुसते निरीक्षण, एक आठवडा रोज सकाळी औषध, आणि पुन्हा एक आठवडा औषधाविना. ३० पैकी १४ मुलांच्या शाळेतील कामात डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला, आणि निम्म्या मुलांचे वागणे निवळले. औषध थांबले त्याच दिवशी हा गुणही ओसरला. उत्तेजक औषधाने मूल शांत व्हावे याचे खुद्द डॉक्टरांनाही नवल वाटले. मुलांनी मात्र त्या गोळ्यांचे बारसे करून टाकले. ती त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली.

१९३७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात औषधाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ही मुले त्या घरातच राहत होती. परिचारिका, शिक्षक, डॉक्टर त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत पाहत होते. कोण कधी चिडते, कोण कशाला भिते, हे त्यांना ठाऊक होते. गोळी ही त्या सगळ्या देखभालीतील एक भाग होती. योगायोग असा की, त्याच १९३७ साली आपल्या मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. मुलाला त्याच्या घरासकट आणि शाळेसकट समजून घ्यावे, हेच त्या चळवळीचेही सूत्र होते.

पुढे झाले ते असे, की गोळी त्या घरातून बाहेर पडली आणि निरीक्षण मागेच राहिले.

१९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याची पत्नी रीटा हिच्या नावावरून ते 'रिटालिन' म्हणून बाजारात आले, आणि १९६१ साली अमेरिकेत ते मुलांना देण्यास मान्यता मिळाली. दुखण्याची नावे मात्र दर काही वर्षांनी पालटत गेली. आधी 'मेंदूची किमान इजा' म्हणत. इजा सापडेना, तेव्हा १९६०च्या सुमारास तिचा 'मेंदूच्या कार्यातील किमान बिघाड' झाला. १९६८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचिग्रंथात 'अतिचंचलता' आली, १९८० साली 'अवधानाची उणीव' आली, आणि १९८७ साली दोहोंची सांगड घालून आजचे नाव रूढ झाले.

समाज यावर गप्प बसला होता असे नाही. १९७० साली ओमाहा शहरातील शाळकरी मुलांपैकी शेकडा ५ ते १० मुलांना अशी औषधे दिली जातात, अशी बातमी वृत्तपत्रात आली. आकडा फुगलेला होता हे मागाहून उघड झाले. परंतु त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या प्रश्नाची सुनावणी झाली. पुढच्या वर्षी या औषधांवर कडक निर्बंध आले. तथापि १९९०नंतर ओघ पुन्हा वाढला, आणि वय खाली उतरले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की १९९१ ते १९९५ या काळात दोन ते चार वर्षांच्या मुलांना ही उत्तेजके देण्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढले होते. सहा वर्षांखालील मुलांना रिटालिन देण्यास तर मान्यताच नव्हती.

येथे कोणी विचारील, की गुण येतो ना? मग बिघडले कोठे? प्रश्न रास्त आहे. पुष्कळ मुलांना या औषधाने खरोखर आधार मिळाला आहे, आणि ज्या आईने असे मूल वाढविले आहे, तिच्या थकव्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु गुण येणे म्हणजे रोग सिद्ध होणे नव्हे. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतीही तक्रार नसलेल्या मुलांना असेच उत्तेजक देऊन पाहिले. त्यांचेही लक्ष वाढले, त्यांचीही धावपळ कमी झाली. गोळी रोगी-निरोगी पाहत नाही.

दुसरा दाखला कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा. तेथे शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही वयाची सीमा आहे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान. नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली असे आढळले, की त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्यांच्या मानाने डिसेंबरातील मुलग्यांत हे निदान शेकडा ३० ने, तर मुलींत शेकडा ७० ने अधिक होते. ही मुले आजारी नव्हेत, तर केवळ अकरा महिन्यांनी लहान, असेच त्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत म्हणावे लागेल. ज्याला आपण विकार म्हटले, ते कधी कधी नुसते बालपण असते.

वैद्यकशास्त्रालाही हे उमगले आहे. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. औषधाचा गुण मोठ्या मुलांपेक्षा कमी दिसला, वाढ मंदावली, आणि सुमारे नऊ मुलांमागे एकाचे औषध त्रासामुळे बंद करावे लागले. २०११ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले, की चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत प्रथम आईबापांना वागणुकीचे शिक्षण द्यावे, औषध त्यानंतर. असे असूनही २०२२च्या पाहणीनुसार अमेरिकेत तीन ते सतरा वर्षांच्या दर नऊ मुलांमागे एकाला कधी ना कधी हे निदान झालेले होते. कारण उघड आहे. गोळी लिहून देण्यास पाच मिनिटे पुरतात. मुलाला पाहण्यास महिने लागतात.

गोळीला शिव्याशाप देणे हा या इतिहासाचा बोध नव्हे. चार्ल्स ब्रॅडलींनी ती दिली, पण ती देण्यापूर्वी मुलाकडे पाहिले. दिल्यावर पाहिले, आणि बंद करूनही पाहिले. म्हणून आमचे मागणे एवढेच आहे : आपल्या गावातील एखाद्या आईला उद्या कोणी सांगितले, की तुमच्या लेकराला औषध लागेल, तर तिने न घाबरता दोन प्रश्न विचारावेत. वर्गात याच्याहून लहान कोण आहे? आणि याला किती दिवस, कोणी पाहिले? खरा वैद्य या प्रश्नांनी रागावणार नाही.