शिलाईतली माया

बाळंतपणाला सात महिने झाले आणि मामेबहिणीचं लग्न आलं. यवतमाळच्या घरातलं कपाट उघडून मी एकेक कुर्ता चढवून पाहिला. एक दंडात अडकला, दुसरा छातीवर ताणला, तिसऱ्याची चेन अर्ध्यावरच थांबली. पलंगावर कपड्यांचा ढीग झाला. बाळ रडत होतं, मीही रडत होते. लग्नाला जायचंच नाही, असं ठरवूनही टाकलं.

आजी दारातून पाहत होती. म्हणाली, "आमच्या वख्ती असं नव्हतं व. अंग भरलं त गाठ ढिली बांधा लागे."

गाठ म्हणजे चोळीची गाठ. आजीच्या पिढीतल्या कित्येक जणी नऊवारी लुगडं नेसायच्या आणि वर खणाची चोळी. खण म्हणजे चोळीपुरतं विणलेलं कापड. कर्नाटकातलं गुळेदगुड्ड त्यासाठी प्रसिद्ध. या चोळीला हूक नाही, बटण नाही. पुढची दोन टोकं छातीखाली आणून गाठ मारायची. बाळाला पाजायचं असलं की गाठ सोडायची. लुगडं तर शिवलेलंच नसतं. पोट वाढलं, उतरलं, तरी कापड तेच. नेसताना थोडं सैल, थोडं घट्ट. डोहाळजेवणाचं हिरवं लुगडं बारशालाही अंगाला येई. विरलं की त्याचीच दुपटी आणि लंगोट.

आपल्याच जिल्ह्यात, पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजारा बायांची कांचळी पाहिली आहे? आरसे आणि भरतकामाने जड झालेली. समोरून अंग झाकते आणि पाठीवर बंदांनी बांधतात. तिथेही माप बंदाच्या हाती.

पण म्हणून जुना काळ फार दयाळू होता, असं मला म्हणायचं नाही. बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने करकचून बांधत, "नाहीतर पोट सुटतं" म्हणून. ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचे केस जात आणि चोळीही जाई. शरीरावर नजर तेव्हाही होतीच, आजच्याहून कडकच. फक्त त्या शरीराला आकडा नव्हता. आधी मी 'एम' होते आणि आता 'एक्सएल' झाले, हे वाक्य आजीला कधी सुचलंच नसतं.

हे आकडे तयार कपड्यांबरोबर आले. अमेरिकेत लोक कॅटलॉग बघून टपालाने कपडे मागवायचे आणि मापात बसले नाहीत की परत पाठवायचे. व्यापाऱ्यांचं नुकसान व्हायचं. म्हणून 1939-40 मध्ये तिथल्या (चक्क!) कृषी खात्याने सुमारे 15,000 बायांची मोजणी केली. एकेकीची 59 मापं. गोऱ्या नसलेल्या बायांची मापं अंतिम हिशेबात धरलीच नाहीत. पुढे 1958 मध्ये त्याच आकड्यांच्या आधारे तिथे बायांच्या कपड्यांची प्रमाण मापं ठरली, आणि 1983 मध्ये ती रद्दही झाली. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापांसाठी 25,000 माणसं मोजायचं ठरवलं, ते सहा शहरांत. त्यात विदर्भातलं एकही नाही.

लुगडं आणि लेबल यांच्या मधे एक टप्पा होऊन गेला, आणि मला तोच जास्त आवडतो: शिंप्याचा. पाचवारी पातळ आलं, हुकाचं ब्लाऊज आलं, टेप आली, वहीत मापं लिहिली जाऊ लागली. पण शिंपी शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड दुमडून ठेवायचा. त्याला म्हणतात माया. बाई बदलणार, हे त्याने कात्री लावतानाच धरलेलं असायचं. माझ्या कुर्त्यांची शिवण उलटून पाहिली. अर्धा इंचही कापड नाही. कडेला नुसती मशीनची गोफण.

आईने तिच्या ट्रंकेतलं जांभळं ब्लाऊज काढून दिलं. ते मी जन्मले त्या वर्षी शिवलेलं. शिंप्याकडे नेलं. त्याने आत बोट घालून चाचपलं, म्हणाला, "दोन्हीकडून इंच-इंच निघते, ताई." संध्याकाळी न्यायला गेले. उसवलेल्या जागी काखेखाली दोन पट्टे दिसत होते, गर्द जांभळे, नव्यासारखे. बाकीचं ब्लाऊज तोवर फिकं झालेलं.

"दिसन ते," शिंपी म्हणाला. "पदर घेजा."

मी घेतला नाही.