इंदूर पद्धत : खताच्या ढिगाला मिळालेले आपल्या शहराचे नाव

आपल्या इंदूरची ओळख सांगायची झाली की आपण अहिल्याबाईंचे नाव घेतो, राजवाडा सांगतो, सराफ्यातल्या खाण्याचे कौतुक करतो आणि २०१७ पासून स्वच्छतेत मिळत आलेल्या पहिल्या क्रमांकाचा उल्लेख करतो. पण जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत ‘इंदूर’ हा शब्द एका निराळ्याच कारणाने आला आहे. तेथे ‘इंदूर पद्धत’ म्हणजे कचऱ्यापासून खत करण्याची रीत. तिचा जन्म आपल्याच शहरात झाला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

कचऱ्याचा विचार इंदुरात त्याहीआधी सुरू झाला होता. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात प्लेगने शहर हैराण झाले होते. दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण लोकांपर्यंत पोहोचायचे तर अहवाल पुरत नाही, हे गेडिसने ओळखले होते. त्याने दिवाळीत मोठी मिरवणूक काढवली. ज्या भागातले लोक घरे-अंगणे सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल असे जाहीर झाले आणि घराघरांतून कचरा बाहेर निघू लागला. मिरवणुकीत घाणीचे राक्षस होते, प्लेगचा अजस्र उंदीर होता आणि लक्ष्मीचा रथ होता. शहराचे सफाई कामगारही पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. शेवटी राक्षसांचे दहन झाले. उंदीर हे आपल्या बाप्पाचे वाहन. पण त्या वर्षी त्यालाही जळावे लागले. उत्सवाचा उपयोग लोकशिक्षणासाठी करण्याची ही रीत गणेशोत्सव करणाऱ्या आपल्या लोकांना परकी वाटू नये.

यानंतर काही वर्षांनी, १९२४ मध्ये, अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ सुरू केली. होळकर दरबाराने त्यासाठी सुमारे ३०० एकर जमीन दिली. दोघेही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हॉवर्ड १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन केंद्रात होते. तेथे पीक एकच, पण त्याचा रोग एका विभागाकडे, कीड दुसऱ्याकडे आणि माती तिसऱ्याकडे, अशी वाटणी होती. सरकारी नोकरी करणाऱ्याला हे चित्र नवे नाही. पिकाचा सगळा विचार एकाच ठिकाणी व्हावा, म्हणून त्यांनी इंदूर गाठले.

हॉवर्ड शेतकऱ्याला शिकवायला आले होते, पण आधी त्याच्याकडून शिकले. शेतकरी आणि पिकावरची कीड यांनाच ते आपले प्राध्यापक मानत. चीन-जपानमधले शेतकरी शतकानुशतके काडीकचरा मातीत परत घालतात, हे त्यांनी किंग या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकात वाचले होते. माळव्यात मात्र त्यांना दिसले की बरेचसे शेण गोवऱ्या थापून चुलीत जाते आणि कपाशीच्या पळाट्याही जळणातच संपतात. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

मग पद्धत ठरली. टणक पळाट्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून निघतात. तण, पाने आणि काडीकचरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. नंतर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात त्याचे थर द्यायचे आणि त्यांत शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती व लाकडाची राख मिसळून पाणी शिंपडायचे. साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आणि मग दोन महिन्यांनी ढीग उलथायचा. आत हवा खेळली की ढीग तापतो आणि त्या उष्णतेने तणाचे बी मरते. हवा कोंडली तर तोच ढीग कुजून घाण सुटते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. यात विकत आणायचे काहीच नव्हते, आणि गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते.

या कामात रसायनशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्या यशवंत वाड यांचे नाव आपण विसरता कामा नये. १९३१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडणारे ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ हे पुस्तक निघाले. त्यावर लेखक म्हणून हॉवर्ड आणि वाड अशी दोघांचीही नावे आहेत. गॅब्रिएलबाई मात्र ते पाहायला नव्हत्या. त्या १९३० मध्येच वारल्या. हॉवर्ड मायदेशी परतल्यावरही काम थांबले नाही. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला कचरा आणि मैला यांचे याच पद्धतीने खत कसे करावे, याची पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे शेतातली रीत शहराच्या उकिरड्यापर्यंत पोहोचली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेल्या गांधीजींनीही ही संस्था पाहिली.

पुढे केनियातले कॉफीचे मळे आणि सिलोनमधले चहाचे मळे ही पद्धत वापरू लागले. अमेरिकेत रोडेल यांनी हॉवर्ड यांच्या विचारांवरून १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. आज बाजारात ‘ऑरगॅनिक’ म्हणून जे महाग विकले जाते, त्याच्या विचाराचे एक मूळ आपल्या शहरात आहे. ती संस्था होती तेथे आज कृषी महाविद्यालय आहे. आपण त्यावरून कितीदा तरी जातो.

आता आजचा प्रश्न. आपल्या दारात रोज कचरागाडी येते आणि ओला-सुका कचरा वेगळा देण्याची सवय आपल्याला लागली आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या देवगुराडियाच्या प्रकल्पाची क्षमता दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची आहे. हे सगळे अभिमानाचेच आहे. पण गाडी आली, कचरा गेला आणि आपली जबाबदारी संपली, असेही आपल्याला वाटू लागले आहे. ओल्या कचऱ्यात गेलेली एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे कुणाला तरी हाताने काढावी लागते. गेडिसने ज्यांना मिरवणुकीत मान दिला, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज बहुधा ते काम करत असतील.

इंदूर पद्धतीला शेतच हवे असे नाही. भोके पाडलेली बादली किंवा जुना माठ घ्या. भाज्यांची देठे आणि फळांच्या साली यांवर प्रत्येक वेळी दुप्पट सुकी पाने टाका. मूठभर माती आणि थोडे आंबट ताक घाला. ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकीच ठेवा आणि आठवड्याला हलवा. वास येऊ लागला तर हवा कमी पडते आहे किंवा पाणी जास्त झाले आहे, असे समजा. फ्लॅटच्या गॅलरीतही हे जमते.

गणपतीच्या दिवसांत दुर्वा, पत्री, फुले आणि केळीची पाने घरोघर जमतात. ती नदीत सोडली तर पाणी बिघडते. खतात घातली तर कुंडीतली तुळस वाढते. हारांचा दोरा, जर आणि थर्माकोल मात्र आधी वेगळे काढावे लागतात. आपल्या मंडळाने यंदा मांडवाशेजारी निर्माल्यासाठी दोन पिंपे ठेवावीत, एक फुलापानांसाठी आणि दुसरे दोरा-प्लॅस्टिकसाठी, अशी माझी विनंती आहे. मुलांना तेथे उभे करावे आणि हॉवर्ड व वाड यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून भक्तांना ऐकवावी. अनंत चतुर्दशीला थर दिले तर दत्तजयंतीच्या सुमारास खत तयार होईल. ते घराघरांत वाटू.