वेदनेला पुरावा कोणता?

बालाघाटहून निघालेला रस्ता घाट चढून उकव्यावरून बैहरच्या पठारावर येतो. मैकल पर्वताच्या कुशीतील हा मुलूख गोंड आणि बैगा लोकांचा. सालवृक्षांची गर्द अरण्ये हे त्याचे वैभव. परंतु या जिल्ह्याचे नाव दूरच्या बाजारपेठांपर्यंत पोचविले ते मँगनीजच्या काळ्या दगडाने. १८९६ साली स्थापन झालेली आणि पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या नावाने ओळखली गेलेली संस्था येथील खाणी चालवीत असे. भरवेली आणि उकवा ही त्यांतील प्रमुख नावे. १९६२ साली सरकारच्या भागीदारीने नवी कंपनी स्थापन होऊन खाणींचा कारभार तिच्याकडे गेला. तिचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. पुढे बैहरजवळच मलाजखंड येथे तांब्याचीही प्रचंड उघडी खाण सुरू झाली.

खाण म्हटली की अपघात आलाच. कोणाचा हात जातो, कोणाचा डोळा जातो. कोणाचे अवयव शाबूत राहतात. पण पाठीत अशी कळ बसते की पुन्हा पाटी उचलणे होत नाही. या तिसऱ्या मनुष्याच्या भरपाईचा इतिहास विशेष विचार करण्याजोगा आहे.

१८५५ च्या कायद्याने अपघातात मेलेल्याच्या वारसांना दावा लावता येत असे. पण त्यासाठी दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे. गरीब मजुराला ते कोठून साधणार? जर्मनीने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा केला, इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा. दरम्यान १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात, मजूर हे नफ्याचे साधन नसून मनुष्य आहे, असे धनिकांना बजावले होते. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामावर असताना व कामामुळे इजा झाली, एवढे दाखविले की मालकाची चूक शोधीत बसण्याचे कारण उरले नाही. हे मोठेच पाऊल होते.

या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात शरीराच्या अवयवांची किंमत शेकड्यांनी मांडली होती. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० कमी झाली, पाय गुडघ्यापासून गेला तर ६०, एक डोळा गेला तर ३०. कायमचा व पूर्ण निकामी झालेल्या प्रौढ मजुरास ४२ महिन्यांचे वेतन अथवा ३,५०० रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम मिळावयाची. या कोष्टकात वेदनेला मात्र कोठेही रकाना नव्हता.

हे आश्चर्य केवळ आपल्याकडचे नव्हे. इंग्लंडमध्ये आगगाड्यांचे अपघात होऊ लागले, तेव्हा बाहेरून धडधाकट दिसणारे उतारू पाठदुखीची तक्रार घेऊन येऊ लागले. १८६६ साली एरिकसन या शल्यवैद्याने, कण्याला बसलेल्या हादऱ्याने असे दुखणे जडू शकते, असे प्रतिपादन केले. १८८३ साली हर्बर्ट पेज या रेल्वे कंपनीच्या शल्यवैद्याने त्याचे खंडन केले. दुखणे खरे की भरपाईसाठी घेतलेले सोंग, हा वाद तेव्हापासून न्यायालयांच्या दारात उभाच आहे.

दावा फेटाळला गेला तर पुढे काय? १९२३ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमाने उच्च न्यायालयात अपिलाची वाट ठेवली होती. मुदत साठ दिवसांची. परंतु वादात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील चाले. कमिशनरने वैद्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला की मजुराच्या तोंडावर, ही गोष्ट सहसा तेथे पुन्हा तोलली जात नसे. म्हणजे पहिल्याच चौकशीत पुरावा नीट मांडला गेला नाही, तर पुढची वाट बहुधा बंद.

आणि ती वाट लांबचीही होती. १९३६ साली नागपुरास उच्च न्यायालय स्थापन झाले. बैहरच्या मनुष्याने घाट उतरून बालाघाटला यावे, छोट्या गाडीने गोंदिया गाठावे आणि तेथून मोठ्या गाडीने नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बालाघाटचे न्यायपीठ जबलपूर झाले. तीच छोटी गाडी आता उलट दिशेला, नैनपूरवरून. ज्याला बाकावर तासभर बसवत नाही, त्याला हा प्रवास किती महाग पडत असेल!

तथापि त्या कायद्यातच एक खिडकी उघडी होती. परिशिष्टात नसलेल्या इजेची भरपाई, तिच्यामुळे कमाईची शक्ती किती घटली यावरून ठरवावी, असे चौथ्या कलमात म्हटले होते. म्हणजे खरा प्रश्न 'किती दुखते?' हा नव्हताच. 'पूर्वीचे काम आता होते का?' हा होता. या दृष्टीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९७५ रोजी शिक्कामोर्तब केले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही. सबब त्याची हानी संपूर्ण आहे, असा निर्णय झाला. कोष्टकापेक्षा धंदा मोठा ठरला. पाठ धरलेल्या खाणमजुराच्या बाजूनेही हाच युक्तिवाद उभा राहू शकतो. १९८४ च्या दुरुस्तीने मात्र अशा इजेत घट किती, हे वैद्याने ठरविणे आवश्यक झाले. म्हणून दाखल्यात केवळ 'पाठदुखी' असून भागत नाही. वजन किती उचलवते, उभे किती राहवते, वाकता येते की नाही, हेही लिहिलेले असावे लागते.

पुढे २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले, आणि दाखल्याविरुद्ध अपिलाची सोयही केली. त्या यादीतही जुनाट वेदना स्वतंत्रपणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान दिले. एरिकसनच्या व्याख्यानांनंतर दीडशे वर्षांनी वैद्यकशास्त्राने एवढी मजल मारली. २०२० साली संसदेने भरपाईचा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट केला.

तुटलेला हात सर्वांना दिसतो. तो स्वतःच आपला साक्षीदार असतो. वेदनेला साक्षीदार एकच, आणि तोच दावेदार. म्हणून त्याची साक्ष ऐकताना न्यायासनाला कान अधिक उघडे ठेवावे लागतात. बैहरच्या पठारावरून निघालेला दगड तराजूत घालून तोलता येतो. तो फोडताना मोडलेली पाठ तोलण्याचा तराजू मनुष्याला अजून घडवावयाचा आहे.